वाचकांचे प्रश्न : कॉफी किती, केव्हा आणि कशाबरोबर?

गेल्या अंकात याच सदरात उन्हाळ्यातील पेयांविषयी लिहिताना कॉफीचा उल्लेख एका वाक्यात आला होता. दुपारनंतर कॉफी घेणे टाळावे, एवढेच ते वाक्य होते. त्यावर नागपुरातून आणि आसपासच्या गावांतून इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर कॉफीलाच द्यावे असे ठरविले. आपले शहर तसे चहाचे. टपरीवर, कचेरीत आणि पाहुण्यांपुढे चहाच येतो. कॉफी मात्र आपल्याला अगदी परकीही नाही, कारण विदर्भातच चिखलदऱ्याच्या डोंगरात कॉफीची झाडे आहेत. गेल्या काही वर्षांत धरमपेठ, रामदासपेठ, सदर अशा भागांत कॉफीची दुकाने वाढली आणि इन्स्टंट कॉफीची बाटली बहुतेक घरांच्या फडताळात जाऊन बसली. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे ‘कॉफी चांगली की वाईट’ असे विचारतात. याचे सरसकट उत्तर देता येत नाही, कारण सकाळी नऊची कॉफी आणि रात्री नऊची कॉफी यांचा शरीरावरील परिणाम वेगळा असतो आणि जेवणाबरोबर घेतलेल्या कपाचा व दोन जेवणांच्या मधल्या कपाचाही वेगळा असतो. म्हणून पुढील उत्तरांत कपांच्या संख्येइतकेच महत्त्व घड्याळाला दिले आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे.

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून मिहानमधील एका कंपनीत नोकरीला आहे. परदेशी ग्राहकांच्या सोयीनुसार माझी पाळी दुपारी तीन ते रात्री बारा अशी असते. रात्री नऊच्या सुमारास डोळे जड होतात, म्हणून कँटीनमध्ये दोन कप कॉफी घेतो. एक वाजता अंथरुणावर पडतो, पण तीन-साडेतीनपर्यंत झोप लागत नाही. कॉफी सोडली तर वर्धा रोडवर गाडी चालवताना झोप येईल अशी भीती वाटते. आईचे म्हणणे असे की कॉफीत जायफळ घातले की झोपेचा प्रश्नच उरत नाही. हे खरे आहे का?
— एक वाचक, सोमलवाडा

उत्तर : आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य हळूहळू साठत जाते आणि ते मेंदूतील पेशींच्या ठरावीक ग्राहींना चिकटले की पेंग येऊ लागते. कॉफीत असणाऱ्या कॅफीनची रचना या द्रव्याशी मिळतीजुळती असल्यामुळे ते त्या ग्राहींवर आधीच जागा अडवून बसते. थकवा त्यामुळे भरून निघत नाही. अ‍ॅडेनोसिन साठतच राहते, फक्त त्याची सूचना काही काळ आपल्यापर्यंत पोहोचत नाही. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातील कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार १५० मिलिलिटरच्या एका कप इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम, तर पूड गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते. आपल्या दोन कपांचा हिशेब मांडला तर पहाटे दोन वाजता, म्हणजे आपण कूस बदलत पडलेले असता तेव्हा, जवळपास एका पूर्ण कपाइतके कॅफीन अजून रक्तात असते.

कॉफी घेऊन मी लगेच झोपतो, मला काही होत नाही, असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. त्यांनी अमेरिकेत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाकडे लक्ष द्यावे. त्यात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिले असताही एकूण झोप तासाभराहून अधिक घटली होती आणि विशेष म्हणजे सहभागी व्यक्तींना स्वतःला ती घट नीटशी जाणवली नव्हती. कॅफीनचा निचरा यकृतातील एका विकरामार्फत (एन्झाइममार्फत) होतो आणि त्याचा वेग माणसागणिक बदलतो. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये तो वाढतो, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये बराच मंदावतो, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे नेहमी दिले जाणारे प्रतिजैविक चालू असतानाही मंदावतो. त्यामुळे मित्राला रात्रीची कॉफी चालते म्हणून ती आपल्याला चालेल, असा अर्थ काढू नये.

आता उपाय. पाळीतील शेवटची कॉफी सायंकाळी पाच वाजेपर्यंत घ्यावी. दुपारी तीनला कामावर हजर होणाऱ्या माणसाला हे जमण्यासारखे आहे. रात्री नऊला पेंग येते तेव्हा पोट जड झालेले असते का, हे एकदा पाहावे; डब्यातील जेवण आठला थोडे आणि घरी येण्यापूर्वी थोडे असे विभागल्यास जडपणा बराच उतरतो. वर्धा रोडची आपली भीती मी गांभीर्याने घेतो. डोळ्यांवर झापड असताना दुचाकी चालवणे धोक्याचेच आहे, आणि त्यावर बाराच्या सुट्टीनंतर विश्रांतीकक्षात पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटून पडणे हा रात्रीच्या कॉफीपेक्षा चांगला उपाय आहे. शक्य असेल त्या दिवशी कंपनीच्या गाडीने यावे. रात्रीचे दोन कप एकदम बंद करू नयेत. आठवडाभर एक, मग अर्धा, असे उतरवावे. एकाएकी सोडल्यास १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते आणि हा त्रास दोनपासून नऊ दिवसांपर्यंत राहू शकतो. पुष्कळ जण नेमके त्याच वेळी हार मानतात.

आईंनी सांगितलेल्या जायफळाबद्दल : दुधाला उकळी येताना जायफळ किसून घातलेली कॉफी हा आपल्या घरांतील सुरेख प्रकार आहे आणि तेवढ्या चिमटीने अपाय होत नाही. परंतु त्या चिमटीने कॅफीनचा परिणाम पुसला जात नाही. झोप येईल या आशेने जायफळाचे प्रमाण तर मुळीच वाढवू नये, कारण चमच्याने घेतलेली जायफळपूड विषारी ठरते. उलट्या, छातीत धडधड आणि भ्रम अशी लक्षणे दिसतात. आईंना एक विनंतीही आहे. रात्री उशिरा झोपणाऱ्या मुलाला सकाळी आठला उठवू नये. त्याची रात्र एक वाजता सुरू होते, तेव्हा त्याला निदान साडेआठ-नऊपर्यंत झोपू द्यावे.

प्रश्न : मी ३८ वर्षांची शिक्षिका आहे. हिमोग्लोबिन ९.२ आले म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. शाळा सकाळची असल्याने गोळी पोहे आणि दुधाच्या कॉफीबरोबर घेते. तीन महिने झाले तरी हिमोग्लोबिन जेमतेम हलले आहे. मैत्रीण म्हणते, कॉफी सोड आणि चहा घे.
— एक वाचक भगिनी, महाल

उत्तर : ताई, मैत्रिणीच्या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग ठीक आहे, दुसऱ्याने मात्र नुकसान होईल. कॉफीतील आणि चहातील पॉलिफिनॉल गटाची द्रव्ये अन्नातील लोहाला आतड्यातच पकडून ठेवतात आणि ते रक्तात शोषले जात नाही. पालेभाजी, डाळी, पोहे अशा शाकाहारी पदार्थांतील लोहावर हा परिणाम अधिक होतो. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका नेमक्या प्रयोगात जेवणाबरोबर कॉफी दिली असता लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी घटले आणि चहा दिला असता ६४ टक्क्यांनी. म्हणजे या बाबतीत चहा कॉफीहून पुढे आहे. त्याच प्रयोगात आणखी एक उपयोगी गोष्ट आढळली होती. जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने शोषण घटले नाही. जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीने मात्र जेवणाबरोबर घेतल्याइतकेच घटले. आपल्याकडील मार्गदर्शक सूचना जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळावी असे सांगतात. रक्तक्षय असणाऱ्या व्यक्तीने जेवणानंतरचे अंतर दीड-दोन तासांपर्यंत वाढवावे, असे मी सुचवीन.

आपली गोळी पोह्यांबरोबर, कॉफीबरोबर आणि त्यातील दुधाबरोबर पोटात जाते. दुधातील कॅल्शियमही लोहाच्या आड येते. म्हणून गोळीची जागा बदलावी. रात्री जेवणानंतर दोन तासांनी, झोपण्यापूर्वी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर ती घ्यावी. क जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते. मळमळ होत असेल तर डॉक्टरांशी बोलून एक दिवसाआड घेता येते. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली रीत या दृष्टीने फार चांगली आहे आणि हंगामात आपल्या शहराला संत्र्यांची काय कमी! शाळेच्या मधल्या सुट्टीतील कप घ्यावासा वाटला तर जरूर घ्यावा, मात्र त्याच्या मागेपुढे डबा नको.

याहून महत्त्वाचे काहीतरी सांगायचे आहे. सगळा दोष कॉफीवर टाकून थांबू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आणि त्याची कारणे अनेक आहेत. मासिक पाळीत अधिक रक्तस्राव होतो का, पोटात जंत आहेत का, बी १२ ची कमतरता आहे का, हे पाहावे लागते. विदर्भात तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा विचार केल्याशिवाय रक्तक्षयाचे निदान पुरे होत नाही. सिकलसेलचे रुग्ण किंवा थॅलेसिमियाचे वाहक असणाऱ्यांचे हिमोग्लोबिन कमी दिसले तरी त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा पुरेसा असू शकतो आणि अशा वेळी महिनोन्महिने लोह घेत राहणे योग्य नाही. लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी करून घ्यावी. सिकलसेलसाठी सोल्युबिलिटी आणि त्यानंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासण्या सरकारी रुग्णालयांत होतात. कुटुंबात कोणाला सिकलसेल असल्याचे ठाऊक असेल तर तपासणीला विलंब करू नये.

प्रश्न : थायरॉइडची गोळी मी न चुकता सकाळी सहाला घेते, तरी टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतील आकडा) कधी वर, कधी खाली असतो. मात्रा वारंवार बदलावी लागते.
— एक गृहिणी, प्रतापनगर

उत्तर : आपण कळवलेला दिनक्रम पाहता, सहाला गोळी आणि सहा वाजून दहा मिनिटांनी यजमानांबरोबर कॉफी, असे रोज घडते. थायरॉक्सिनची गोळी पोटात विरघळून आतड्यात शोषली जाण्याआधीच कॉफी तिथे पोहोचते आणि काही रुग्णांत शोषण लक्षणीय घटते. ज्या दिवशी कॉफीला उशीर होतो त्या दिवशी जास्त औषध मिळते आणि ज्या दिवशी लगेच होते त्या दिवशी कमी. वरखाली होण्याचे हे एक संभाव्य कारण आहे. गोळी केवळ साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो पूर्ण तासभर, काही घेऊ नये. कॅल्शियम वा लोहाची गोळी असेल तर तीत आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचे अंतर हवे. ही शिस्त सहा ते आठ आठवडे पाळून मगच टीएसएच तपासावा. औषध चांगले शोषले जाऊ लागले की आताची मात्रा कदाचित जास्त होईल, म्हणून नवा अहवाल डॉक्टरांना अवश्य दाखवावा. मात्रा स्वतःहून बदलू नये.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे. दक्षिणेकडील सहकाऱ्यांमुळे स्टीलच्या फिल्टरमधील कॉफीची सवय लागली ती आजतागायत आहे. सकाळी दोन आणि चारच्या सुमारास एक, असे तीन कप होतात. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि कोलेस्टेरॉल किंचित जास्त आहे. घरातील सगळे म्हणतात, कॉफी सोडा.
— एक ज्येष्ठ वाचक, अजनी

उत्तर : काका, घरच्यांची काळजी योग्यच आहे, पण आपल्याबाबतीत कॉफी पूर्ण सोडण्याची गरज मला दिसत नाही. कॅफीनने रक्तदाब काही तासांपुरता थोडा वाढतो. रोज पिणाऱ्यांच्या शरीराला मात्र त्याची सवय होते आणि ही वाढ पुष्कळशी ओसरते. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास कॉफी घेऊ नये, एवढे पथ्य पाळावे, अन्यथा आकडा फसवा येतो आणि विनाकारण गोळी वाढते. ज्यांचा रक्तदाब १६० वर १०० किंवा त्याहून अधिक आहे त्यांची गोष्ट निराळी. जपानमधील दीर्घकालीन निरीक्षणाचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यात इतका तीव्र रक्तदाब असलेल्या आणि दिवसाला दोन वा अधिक कप कॉफी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंचा धोका कॉफी न घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळला. आपला रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे ना, हे त्यासाठी आधी पाहून घ्यावे. छातीत अनियमित धडधड होत असेल तर तेही हृदयरोगतज्ज्ञांना सांगावे.

कोलेस्टेरॉलचा संबंध कॅफीनशी नाही. कॉफीच्या बियांतील तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेऑल ही दोन द्रव्ये असतात आणि ती रक्तातील एलडीएल, म्हणजे अपायकारक कोलेस्टेरॉल, वाढवतात. पूड पाण्यात टाकून उकळलेल्या कॉफीत ती सर्वाधिक उतरतात. कागदी गाळणीत तेल अडून राहते, त्यामुळे त्या कॉफीत अगदी थोडी उरतात. स्टीलच्या फिल्टरची छिद्रे तेल कागदाप्रमाणे अडवू शकत नाहीत. कोलेस्टेरॉल किंचितच जास्त असल्याने आपण असे करून पाहावे : फिल्टरच्या वरच्या भांड्यात तळाशी कागदी गाळणीचा गोल कापून बसवावा आणि त्यावर पूड टाकावी. डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, उतरायला वेळ लागतो, पण चवीत फारसे उणे होत नाही. तीन महिन्यांनी तपासणी करून फरक पाहावा. इन्स्टंट कॉफीत ही द्रव्ये नगण्य असतात.

पुडीवरची बारीक अक्षरेही एकदा वाचावीत. आपल्याकडील फिल्टर कॉफीच्या बहुतेक पुड्यांत चिकोरी मिसळलेली असते आणि नियमानुसार कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी ५१ टक्क्यांहून कमी चालत नाही. म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असू शकते. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ असून त्यात कॅफीन नसते. चारचा कप टाळवत नसेल तर त्या वेळेपुरती अधिक चिकोरीची पूड वापरणे हा चांगला मध्यममार्ग आहे. बियांचा प्रकारही पाहावा. रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असते.

प्रश्न : मे महिन्यात कॉफीने शरीरातील पाणी कमी होते असे म्हणतात. आम्ही उन्हाळ्यात कॉफी बंद ठेवावी का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : गेल्या अंकातील माझ्या वाक्याचा रोख झोपेकडे होता, पाण्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. कॅफीनने लघवीचे प्रमाण थोडे वाढते हे खरे आहे, पण कपातील पाणीही शरीराला मिळतेच. ब्रिटनमध्ये कॉफीची सवय असलेल्या ५० पुरुषांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसाला चार मग कॉफी घेतल्याने शरीरातील पाण्याच्या प्रमाणात, तितकेच साधे पाणी घेण्याच्या तुलनेत, फरक आढळला नाही. परंतु तो अभ्यास नागपूरच्या ४५ अंशांत बांधकामावर राबणाऱ्या मजुरावर झालेला नव्हता. उष्णतेच्या लाटेत चहा, कॉफी आणि मद्य टाळावे, अशी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची सूचना आहे आणि उन्हात काम करणाऱ्यांनी ती पाळावी असेच माझे मत आहे. तहान कॉफीवर भागवली तर मीठ आणि पाणी यांची भरपाई होत नाही. ती ताक, पन्हे, लिंबू-सरबत किंवा ओआरएसने होते. घरात, सावलीत असणाऱ्यांनी सकाळचा कप घेण्यास हरकत नाही. सिकलसेलच्या रुग्णांनी मात्र उन्हाळाभर पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण शरीरातील पाणी घटल्यास त्यांच्यात वेदनांचा झटका येऊ शकतो.

प्रश्न : मला चौथा महिना आहे. दिवसातून एक कप कॉफी चालेल का?
— एक वाचक भगिनी, हिंगणा

उत्तर : एक कप चालेल. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली गर्भवतींसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली आहे. आपण त्याच्या बऱ्याच आत राहाल. मात्र दिवसभरातला चहा, कोला आणि चॉकलेट यांतले कॅफीनही याच हिशेबात धरावे. जसजसे महिने वाढतात तसतसा कॅफीनचा निचरा मंदावतो आणि शेवटच्या तिमाहीत ते निम्मे व्हायला १५ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून तो एक कप सकाळचाच असावा, आणि लोहाच्या गोळीपासून लांब.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत असून वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करतो. रात्री जागण्यासाठी कॉफी घेतो आणि अलीकडे एनर्जी ड्रिंकचा कॅनही आणू लागला आहे.
— एक पालक, मानेवाडा

उत्तर : कॅन आधी बंद करावा. भारतात कॅफीनयुक्त पेयांमध्ये लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असण्याचा नियम आहे. म्हणजे २५० मिलिलिटरच्या कॅनमधून ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन आणि सोबत पुष्कळ साखर पोटात जाते. मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यासाठी हे पेय योग्य नाही, अशी सूचना त्या कॅनवरच छापलेली असते. मुलाला ती स्वतः वाचायला द्यावी. थंड आणि गोड असल्यामुळे असे पेय घटाघटा संपते, गरम कॉफीचे तसे होत नाही. किशोरवयीनांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ३ मिलिग्रॅम ही कॅफीनची मर्यादा सुरक्षित मानली जाते. ५० किलो वजनाच्या मुलाला ती दीडशे मिलिग्रॅम येते आणि रात्रीची कॉफी व कॅन मिळून ती सहज ओलांडली जाते.

परीक्षेच्या दृष्टीनेही हा सौदा तोट्याचा आहे. दिवसा वाचलेले झोपेत पक्के होते. रात्री दोनपर्यंत कॉफीच्या जोरावर वाचून सकाळच्या शिकवणीला पेंगत बसणारी मुले पाहून मला फार वाईट वाटते. दुपारी शिकवणीहून आल्यावर एक कप घेऊ द्यावा, रात्रीचा अभ्यास साडेदहा-अकराला थांबवावा आणि उरलेला सकाळी साडेपाचला उठून करावा. त्यासाठी घरातील टीव्हीही अकराला बंद झाला पाहिजे, आणि ती जबाबदारी पालकांची आहे.

प्रश्न : सकाळी तर्री-पोहे आणि त्यावर कॉफी झाली की छातीत जळजळते. कॉफीमुळे अल्सर होतो का?
— एक वाचक, सीताबर्डी

उत्तर : कॉफीमुळे अल्सर होतो असे दिसून आलेले नाही; त्याची मुख्य कारणे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या ही आहेत. मात्र कॉफीने जठरातील आम्ल वाढते आणि काहींच्या अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाची पकड सैल होते. तेल-तिखटाची तर्री त्याच दिशेने काम करते. दोन्हींत दोन तासांचे अंतर ठेवून पाहावे. काळी शौचास होणे, वजन घटणे किंवा गिळताना अडकणे यांपैकी काही असेल तर तडक तपासणी करावी.

प्रश्न : आमचे इतवारीत दुकान आहे. कॉफीने मधुमेह टळतो असे वाचल्यापासून दिवसाला पाच कप कॉफी होते. तरी या वेळी उपाशीपोटीची साखर ११८ आली. असे का?
— एक व्यापारी वाचक

उत्तर : आपण वाचले ते निराधार नाही. अनेक देशांत लाखो लोकांची वर्षानुवर्षे पाहणी झाली असून नियमित कॉफी घेणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले आहे. कॅफीन काढलेल्या कॉफीतही तोच कल दिसतो. यकृताच्या बाबतीतही कॉफी अनुकूल दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने कॉफीला १९९१ साली संशयितांच्या यादीत टाकले होते, ते २०१६ साली मागे घेतले; धोका कॉफीचा नसून ६५ अंशांहून अधिक तापलेले कोणतेही पेय तसेच घशाखाली उतरवण्याचा आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले. पण या सगळ्या पाहण्या आहेत. कॉफी पिणारे आणि मधुमेह कमी, हे दोन्ही एकत्र दिसले. कॉफी सुरू केली म्हणून मधुमेह टळला, असे त्यांतून सिद्ध होत नाही. शिवाय त्या लोकांतील अनेक जण बिनसाखरेची कॉफी घेणारे होते.

आपण पत्रात ‘दोन चमचे साखर’ असे लिहिले आहे. घरातील चहाचा चमचा सपाट भरला तर त्यात सुमारे ५ ग्रॅम साखर येते. दुकानातला नोकर डब्यातून काढतो तो शिगोशीग भरलेला असतो आणि त्यात सात-आठ ग्रॅमही भरते. सपाट चमच्यांचा हिशेब धरला तरी पाच कपांची साखर ५० ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेची जी कमाल मर्यादा सांगितली आहे, ती दोन हजार कॅलरींच्या आहारासाठी साधारण इतकीच येते, आणि अधिक लाभासाठी ती २५ ग्रॅमवर आणावी असे त्याच सूचनेत म्हटले आहे. म्हणजे बिस्किट, मिठाई, सरबत यांना हातही न लावता आपली मर्यादा कॉफीतच संपते. आपल्याकडील पोषणविषयक सूचनांत कॅफीनची मर्यादाही दिवसाला ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. पाच कप इन्स्टंट कॉफीने आपण तिच्या काठावर येता.

११८ हा आकडा मधुमेहाचा नाही, मधुमेहपूर्व अवस्थेचा आहे, आणि या टप्प्यावर मागे फिरणे शक्य असते. एचबीए१सी ही गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी करून घ्यावी. पाचाचे तीन कप करावेत. साखर एकदम बंद केली तर कॉफी कडू लागते आणि माणूस आठवड्यात पूर्वपदावर येतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी कपामागे अर्धा चमचा कमी करावा. जीभ तेवढ्या अवधीत जुळवून घेते. गुळाने किंवा मधाने साखरेची जागा भरून काढू नये, रक्तातील साखर त्यांनीही वाढते. दुकानातल्या डब्यात सपाट मापाचा लहान चमचा ठेवावा आणि कॉफी करणाऱ्या मुलाला तो स्वतः दाखवून द्यावा. पुढच्या वेळी उपाशीपोटी रक्त द्यायला जाताना घरून फक्त पाणी पिऊन निघावे. बिनसाखरेच्या, बिनदुधाच्या कॉफीचाही घोट त्या सकाळी रक्त देऊन झाल्यावरच घ्यावा.